पाऊण किलो घाम

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या तेपितो वस्तीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती सुटली ती नेमकी माउलीच्या तसबिरीसमोर, आणि आमच्याकडे ग्वादालूपेच्या माउलीसमोर तोंडातून निघालं की ती शपथच. मग तुम्ही रागात बोला, झोपेत बोला नाहीतर शिंकता शिंकता बोला. आमच्या गल्लीतला एक चांभार नुसता चेष्टेत 'दारू सोडली' म्हणाला आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात लिंबूपाणी पीत बसला. पोरगी रडत होती त्यापेक्षा तो जास्त रडत होता.

मी ओबदुलिया. वडिलांनी काढलेली बॉक्सिंगची तालीम त्यांच्या माघारी मी चालवते. पोरं मला तोंडावर दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. मला एकच मुलगा, फिदेन्सिओ, आमचा फिदे. देवाने त्याला हात दिले ते असे, की डाव्या हाताचा हुक समोरच्याच्या यकृतावर बसला की तो माणूस आईची आठवण काढत खाली बसतो. फक्त हे हात ज्या बुडाला जोडलेत ते बूड गादीवरून उठत नाही. सांगून झालं, रडून झालं, चप्पल मारून झाली. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी संत फ्रान्सिस्कोच्या जत्रेत तिबुर्सिओने त्याची लढत ठरवली, इस्तापालापाच्या क्रिसोफोरो लाराशी. लढती भरवणं हा तिबुर्सिओचा धंदा. जो जिंकेल त्याला तो तिहुआनाच्या मोठ्या हॉलमध्ये उतरवणार होता. याआधी दोनदा फिदेने त्याला तोंडघशी पाडलं होतं. एकदा वजन जास्त भरलं, आणि एकदा हा आलाच नाही, कारण चादर उबदार होती.

"दोन्या, हे शेवटचं," तिबुर्सिओ मला म्हणाला. "या खेपेला तुमच्या राजकुमाराने दगा दिला, तर त्याचं नाव मी पोस्टरवर सोडा, मुतारीच्या भिंतीवरसुद्धा लिहिणार नाही."

जत्रेला सहा आठवडे होते. मी पहाटेपासून तालमीच्या दारात उभी. राजकुमार अकराला आले, पावात तमाल, म्हणजे मक्याचं उकडलेलं मुटकं, घालून खात खात.

"आई, ओरडू नकोस हं. आज अंग आंबलंय."

"कशाने आंबलं? झोपून?"

"झोपूनही आंबतं. तुला नाही माहीत."

मग मात्र माझं डोकं फिरलं. समोर आमचं जुनं पोतं लटकत होतं. कॅन्व्हासचं, आत गल्लीभरच्या फाटक्या कपड्यांची भरती आणि मध्ये वाळू. गोर्दो म्हणतात त्याला सगळे, म्हणजे जाड्या.

"मेल्या, त्या गोर्दोकडे बघ!" मी ओरडले. "तुझ्याहून वयाने लहान आहे तो, पण एक दिवस चुकला नाही. रोज सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या शेवटपर्यंत हजर. मार खातो, कुरकुरत नाही, तमाल खात नाही! उद्या सहाला तू इथे दिसला नाहीस, तर माउलीची आण, जत्रेत तुझ्या जागी हा गोर्दो लढेल!"

दोरीवरच्या उड्या थांबल्या. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. मी हळूच मान वळवली, तर माउली माझ्याकडेच बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी फिदे साडेसातला आला. आता खरं सांगायचं तर साडेसात हा त्याच्या आयुष्यातला चमत्कारच. डोळ्यांत चिपाडं, एका पायात मोजा नाही, पण धावत आला होता बिचारा. पण सहा म्हणजे सहा.

मी तशीच देवळात फादर इलारिओकडे गेले. तरुणपणी तेही आमच्याच तालमीत खेळायचे, नाक अजून डावीकडे वाकडं आहे.

"फादर, शपथ मागे घेता येते का?"

"येते की. पण ज्याला शब्द दिला त्याने सोडायला हवं."

"मग माउलीला विचारा ना तुम्ही."

"माउली फक्त साक्षीला होती, ओबदुलिया. शब्द दिलास तो पोत्याला."

"पोतं बोलत नाही, फादर!"

"मग त्याच्या मनात लढायचं आहे असं धर," ते म्हणाले आणि मेणबत्त्या विझवायला निघून गेले.

मला वाटलं, तिबुर्सिओ तरी हसून उडवून लावेल. त्याने कान खाजवला आणि विचारलं, "वजन किती?"

"बहात्तर किलो."

"मिडलवेट! मग अडचण काय आहे? उलट याला घरून उठवून आणावं लागणार नाही."

परवान्यासाठी सरकारी खात्यातले बार्रागान नावाचे साहेब आले, सोबत डॉक्टर. साहेबांनी गोर्दोभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"दारू पितो?"

"थेंब नाही."

"बाई?"

"कुणाकडे मान वर करून बघत नाही."

"आजवर कधी खाली पडलाय?"

"एकदा. पण तेव्हा छताचा हूक निसटला होता. चूक छताची."

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला. "शून्य," ते म्हणाले. "कमीच असतो म्हणा खेळाडूंचा." साहेबांनी शिक्का मारला. सरकारी माणसाला एकदा का पेन उघडायला लावलं, की ते कोरडं बंद करणं त्याच्या जिवावर येतं.

मग काय विचारता! लढत ठरलेल्या पोराला गल्लीने खाऊ घालायचं, ही आमची रीत. रोज सकाळी कुणी अंडी आणायचं, कुणी कलेजी, कुणी कोंबडीचा रस्सा, आणि सगळं गोर्दोपुढे मांडून ठेवायचे. संध्याकाळपर्यंत त्याने हात लावला नाही की बायका कौतुकाने म्हणायच्या, "बघा, वजन राखतोय." मग ते ताट बाकीच्या पोरांत वाटलं जायचं. फिदेला मात्र घास नाही. मी म्हणाले असते द्या म्हणून, पण मलाही तेव्हा जरा मजाच वाटत होती.

चौथ्या दिवशी पोस्टर लागलं. एका बाजूला क्रिसोफोरो दात दाखवत, दुसऱ्या बाजूला गोर्दो, खाली मोठ्या अक्षरांत 'तेपितोची शान'. फिदे त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहिला. घरी आला, जेवला नाही.

"आई, ती जागा माझी होती."

"होती. झोपलास तेव्हा तीही झोपली."

"मी बोलतो फादरशी."

फादरनी त्याला तेच सांगितलं. वर एवढं म्हणाले, "पोरा, गोर्दोने स्वतः माघार घेतली तर प्रश्नच मिटला. जा, त्याला नमव."

दुसऱ्या दिवशी पाचला मी कुलूप काढायला गेले, तर हा दारात बसलेला. हातांना पट्ट्या बांधून तयार. मला वाटलं, कुणी मेलंबिलं की काय.

"दार उघड," म्हणाला. "आज त्याला गुडघ्यावर आणतोच."

आणि भिडला की हो! गोर्दोला शिव्या देत, आयमाय काढत, घंटा वाजली तरी थांबेना. "घे माघार! घे!" दुपारी हा जमिनीवर आडवा आणि गोर्दो आपला संथ झुलतोय. संध्याकाळी हा परत आला. दुसऱ्या दिवशी परत. असं करत आठवडे गेले. आधी फिदेचा राग उतरला, मग पोट उतरलं. शिव्या देण्यात दम फुकट जातो हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा शिव्या बंद झाल्या. गोर्दो मागे जाऊन परत येतो त्या वेळी आपण तिथे असता कामा नये हे कळलं, तेव्हा पाय हलायला लागले. सरळ ठोसा खांद्यातून न निघता टाचेतून निघायला लागला. मी एक अक्षर बोलत नव्हते. जे शिकवण्यासाठी मी घसा फोडला, ते एक मुकं पोतं त्याला शिकवत होतं, आणि मी कोपऱ्यात बादली धरून उभी.

एक दिवस मी सहज बघत होते. त्याने डावा हुक खालून असा घातला, की कॅन्व्हासमध्ये खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. माझ्या वडिलांच्या वेळेपासून या तालमीत मी मिडलवेट बघत आलेय, पण असा नव्हता पाहिला. आणि तो माझ्या पोटचा. आणि मीच, मीच मूर्ख बाईने, त्याची जागा एका चिंध्यांच्या गाठोड्याला देऊन टाकली होती.

त्या दिवसापासून मी गोर्दोचे पाय धरायला लागले. पाय नाहीत त्याला, पण तळ धरायचे. कुणी नसताना म्हणायचे, "बाबा रे, सोड की जागा. तुझं काय जातंय? तुला तिहुआना बघून काय करायचंय?" पण गोर्दो शब्दाचा पक्का.

शेवटी जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी चौकात वजनं झाली. क्रिसोफोरो काट्यावर चढला, बरोबर भरला, गोर्दोकडे बघून थुंकला. गोर्दो बघतच राहिला. क्रिसोफोरोने नजर आधी वळवली, हे सगळ्या चौकाने पाहिलं. मग आम्ही चौघांनी गोर्दोला उचलून काट्यावर ठेवलं. बार्रागान साहेबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"पाऊण किलो जास्त."

"शक्यच नाही!" तिबुर्सिओ ओरडला. "काहीही खात नाही तो!"

मला मात्र लगेच उमगलं. पाच आठवडे फिदे उघड्या अंगाने त्याला बिलगून मारत होता. सगळा घाम कॅन्व्हासमधून आत, चिंध्यांत. एकावर एक थर. पोतं माझ्या मुलाचा घाम पिऊन जाडं झालं होतं.

"नियमाप्रमाणे दोन तास," बार्रागान म्हणाले. "तेवढ्यात वजन उतरलं तर ठीक, नाहीतर बाद. बदली कोणी आहे?"

"आहे!" माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "फिदेन्सिओ! बहात्तर किलो, आत्ता चढवा काट्यावर!"

मी फादरकडे बघितलं. फादरनी खांदे उडवले. "काट्यावर बाद झाला तर शपथेला दोष नाही. तू तर शब्द पाळायला निघालीच होतीस." मी गळ्यातलं माउलीचं पदक ओठांना लावलं आणि रडायलाच लागले. सुटले! माझं पोर लढणार, जिंकणार, तिहुआनाला जाणार. क्रिसोफोरोची ती मऊ उजवी कूस मी सकाळीच हेरून ठेवली होती, अगदी यकृताच्या वर उघडी. दोन राउंडचं काम.

वळून बघते तर फिदेने गोर्दोला खांद्यावर घेतलेलं आणि तो निघालाय.

"कुठे चाललास?"

"गच्चीवर. ऊन आहे तोवर वाळवतो."

मी त्याच्या मागे जिने चढले. आमच्या चाळीच्या गच्चीवर त्याने गोर्दोच्या तोंडाची दोरी सोडली आणि एकेक चिंधी बाहेर काढून पिळायला लागला. पिळायची, दोरीवर टाकायची, दुसरी काढायची.

"फिदे, वेडा झालास का रे? ठेव ते खाली!"

"पाऊणच किलो आहे. होईल."

"होऊ नकोय! माझ्या राजा, जागा तुझी झाली! आपोआप झाली! कुणाला दोष नाही, कुणाचा शब्द मोडला नाही. खाली चल, पट्ट्या बांधते तुला."

तो थांबला नाही. तेवढ्यात गलका ऐकून शेजारची तोमासा वर आली आणि दोरीकडे बघून ओरडली, "अगं बाई, हा तर माझा टेबलक्लॉथ! डाग पडला म्हणून दिला होता, गेला की डाग! घेऊ का गं परत? तुमचं वजनही उतरेल."

"बरोबर बोलतेय ती," मी म्हणाले. "काढायचंच असेल तर दोन चिंध्या टाकून दे आणि मोकळा हो. पिळत कशाला बसलास?"

फिदेने टेबलक्लॉथ तोमासाच्या हातातून ओढून घेतला. "मावशी, वजन उतरवायला कुणी बॉक्सरचा हात कापून ठेवतं का? फक्त पाणी काढायचं. अंग त्याचं त्याला सगळं परत मिळालं पाहिजे."

मी त्याची बखोटी धरली. आता मी भांडायचं सोडून गयावया करत होते. "बाळा, ऐक माझं. तिबुर्सिओ परत नाव लिहिणार नाही तुझं. आज नाही तर कधीच नाही. तू चांगला झालायस रे. मी खोटं सांगत नाही, मी असा पाहिला नाही कुणी. एका पोत्यासाठी घालवणार का हे?"

त्याने हातातली चिंधी पिळली. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हे कुणाचं आहे, आई?"

"कसलं?"

"हे पाणी. हे माझं आहे. तो माझ्यामुळे जड झाला. मी रोज जाऊन त्याच्या अंगावर घाम गाळला, आणि त्याच घामापायी त्याला बाद करून मी त्याच्या जागी उभा राहू?" त्याने ती चिंधी दोरीवर टाकली, दुसरी काढली. "मला पाच आठवडे झालेत. त्याला वीस वर्षं होत आली. तूच म्हणालीस ना, एक दिवस चुकला नाही? मला तेव्हा कळलं नव्हतं तू काय म्हणतेस ते. आता कळलं."

जन्मभर मी ज्यासाठी ओरडले ते सगळं त्याला एका झटक्यात कळलं होतं, आणि कळायला मुहूर्त हा काढला होता. राग असा आला की त्याला गच्चीवरून ढकलून द्यावं. त्याच्या खाली मान घालून पिळत बसलेल्या पाठीकडे मी बघत राहिले. मग मी पदर कमरेला खोचावा तशी शाल कमरेला बांधली, खाली बसले आणि चिंधीचं दुसरं टोक धरलं.

"एकट्याने पिळून काय होतंय," मी म्हणाले. "धर नीट. उलट बाजूने फिरव."

तोमासाही बसली. टेबलक्लॉथ तिने स्वतः पिळला.

वेळ संपायच्या आत गोर्दो काट्यावर चढला आणि वजनात बसला. चौकाने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

लढतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाजारातल्या मांडवांचे लोखंडी नळ जोडून रिंगवर चौकट केली आणि गोर्दोला टांगलं. क्रिसोफोरो पहिल्या घंटेला तुटून पडला. मारतोय, मारतोय, आणि गोर्दो आपला मागे जातो आणि परत येतो. तिसऱ्या राउंडला क्रिसोफोरो धापा टाकत होता. "हा पडत का नाही?" त्याने पंचाला विचारलं. पंच म्हणाला, "तो त्याचा प्रश्न आहे." दोन राउंडच्या मध्ये फिदे स्टूल ठेवायचा, ओला स्पंज फिरवायचा, शिवणीला व्हॅसलीन लावायचा आणि कानात काहीतरी सांगायचा. पाचव्या राउंडमध्ये क्रिसोफोरो दम घ्यायला वाकला आणि गोर्दो परत आला तो थेट त्याच्या कपाळावर. क्रिसोफोरो आडवा; आठपर्यंत मोजून झाल्यावर उठला. सहाव्यात तो पुढे गेला, त्याने गोर्दोला दोन्ही हातांनी मिठी मारली, डोकं टेकलं आणि सोडेचना. पंच म्हणाला, "सुटा." गोर्दो केव्हाही सुटायला तयार होता. क्रिसोफोरो म्हणाला, "राहू दे. इथे बरं वाटतंय." त्यावर लढत थांबवली आणि गोर्दोला विजयी केलं. हात वर करायला हात नव्हता, म्हणून साखळी वर केली.

फटाके फुटले. तिबुर्सिओ तिहुआनाच्या तिकिटाची भाषा करत होता, गोर्दोला एक सीट लागेल की दोन. फिदे बादली हातात धरून ढसाढसा रडत होता, आनंदाने. मीही रडत होते, पण माझं आनंदाने नव्हतं. माझं पोर, माझं सोन्यासारखं पोर, बादली घेऊन उभं होतं आणि जग एका पोत्याच्या गळ्यात हार घालत होतं. मला हे सहन होत नव्हतं, अजूनही होत नाही.

गर्दी ओसरायची वाट न बघता फिदेने गोर्दोला तालमीत आणलं आणि हुकाला टांगलं. हार काढून खुंटीवर ठेवला. मला वाटलं आता घरी जाऊन झोपेल. तो बाकावर बसला आणि हातांना पट्ट्या बांधायला लागला.

"आता रे कशाला?" मी म्हणाले. "तुझं नाव आता कुठेच नाही. कुणी बोलावणार नाही तुला."

"माहीत आहे."

"मग?"

"आज सकाळचं राहिलंय."

बाहेर बँड वाजत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो रुसलेला नव्हता, मला दाखवायलाही करत नव्हता. मी गोर्दोच्या मागे गेले, दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं आणि खांदा टेकवून पाय रोवले, म्हणजे तो हलणार नाही.

फिदेने डावा हुक घातला. चिंध्या, वाळू, तोमासाचा टेबलक्लॉथ, सगळ्यातून तो पार माझ्या बरगडीपर्यंत आला. माझा श्वास अडकला. डोळ्यांतून पाणी आलं.

"लागलं का गं?" त्याने विचारलं.

"तोंड बंद," मी म्हणाले. "पुन्हा मार."

त्याने पुन्हा मारला.